डावीकडून मी, उजवीकडून ती

१

कुठल्याही शहरात फिरायला जायचं ठरलं की मी आधी तक्ता करतो. हॉटेल नंतर, आधी वस्ती. हॉटेल वाईट निघालं तर बदलता येतं, पण वस्ती चुकली की तीन दिवस चुकले. एका कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या. डावीकडे वस्त्यांची नावं आणि वर रकाने : स्टेशनपासून अंतर, पाहायच्या ठिकाणांपासून अंतर, चढ, जिने, आवाज, औषधाचं दुकान, बसायला बाक. प्रत्येकाला दहापैकी गुण. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला याहून दुसरं काय सुचणार? बायको म्हणते, "तुमच्या तक्त्यात देवाला बसवलं तर तोही काठावर पास होईल."

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मी आखतो, पण भरत नाही. शेरा म्हणजे मत, आणि माझ्या मतांवर माझा फारसा विश्वास नाही.

या खेपेला तीन वस्त्या निवडल्या होत्या : स्टेशनजवळची, जुन्या बाजारातली आणि नदीकाठची. रविवारी सकाळी तक्ता पुरा केला, त्यावर चष्म्याचं घर ठेवलं आणि आंघोळीला गेलो. परत येऊन पाहतो तर तक्त्यात चार ओळी होत्या.

चौथी ओळ : 'पाण्याच्या टाकीमागे.' पुढे सगळे गुण भरलेले. अक्षर माझं होतं. आठाचं शेपूट मी नको इतकं लांब ओढतो, तसंच ओढलेलं. शाई माझ्याच पेनाची. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे मी कधीच काही लिहीत नाही, तिथे लिहिलं होतं : 'चहा चांगला. ती इथे खूश असते.'

मी टॉवेल खांद्यावर घेऊन बराच वेळ उभा राहिलो. त्या शहरात आम्ही दोघंही कधी गेलेलो नव्हतो.

मग स्वतःची समजूत घातली. कुणीतरी ही वस्ती सुचवली असेल, मी टिपून घेतली असेल आणि विसरलो असेन. चौऱ्याहत्तर वर्षांच्या डोक्याकडून आणखी काय अपेक्षा करायची? वर्गात मी दर वर्षी सांगायचो : चमत्कारापेक्षा चूक नेहमी जास्त संभाव्य असते. मुलं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची.

२

तेवढ्यात बायको लाल पेन्सिल घेऊन आली. हीसुद्धा आमची पद्धतच. तक्ता मी करायचा, खूण तिने करायची, आणि मग बेरजेत जी वस्ती पहिली येते तिथेच आम्ही जायचं. म्हणजे तिची खूण नावापुरती. ती नेहमी स्टेशनजवळच्या ओळीवर हसत हसत खूण करायची, कारण बेरीज नेहमी तिथेच जायची.

आज तिने चौथी ओळ वाचली. शेरा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

घसा साफ केला. मी बोलण्याआधी तीनदा घसा साफ करतो, ती जुनी खोड. "म्हणजे... अक्षर तर माझंच आहे."

"ती म्हणजे मीच ना?"

"दुसरी कोण?"

तिने चौथ्या ओळीवर खूण केली. बेरीजही केली नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगताना लाज वाटते. महिनाभरापूर्वी तिने मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून सांगितलं होतं, "ही सहल नीट झाली तर ठीक. नाहीतर मी धाकटीकडे राहायला जाणार." धाकटी म्हणजे तिची बहीण. नवरा गेल्यापासून एकटी राहते, मोठं घर आहे, आणि ताईने यावं म्हणून कधीची मागे लागली आहे. "भांडून जात नाही," बायको म्हणाली. "दमून जाते. चव्वेचाळीस वर्षं तुमची काळजी माझ्या कडेवर बसली आहे. आता ती उतरत नाही आणि मला पेलवत नाही."

मी विचारलं होतं, "किती दिवसांसाठी?"

"बघा," ती म्हणाली, "तुम्ही लगेच मोजायला लागलात."

दुपारी हॉटेलला फोन लावला. टाकीमागच्या वस्तीत एकच हॉटेल होतं. पलीकडून मॅनेजरचा घोगरा, प्रेमळ आवाज आला : "हो हो काका, मागच्या अंगाची खोली ना? ठेवली आहे."

"मी अजून नाव सांगितलं नाही."

"आवाज ओळखतो की!"

धंदेवाईक लोक असंच बोलतात. प्रत्येक म्हातारा त्यांचा काका असतो. मी तसं कागदाच्या मागे लिहूनही ठेवलं, उगाच.

३

टाकी स्टेशनावरूनच दिसली. उंच खांबांवर बसलेली, गोल, राखाडी. तिच्यामागे चार-पाच गल्ल्यांची वस्ती. घरं तीन मजल्यांची, रंग उडालेली, खिडक्यांत कुंड्या. रहदारी नव्हतीच म्हटलं तरी चालेल. टाकीची सावली रस्त्यावर आडवी पडलेली, आणि त्या सावलीत शिरताना आवाज एकदम खाली बसले, जसे पाण्यात डोकं बुडवल्यावर बसतात. बायकोने माझ्या हातातून पिशवी घेतली आणि म्हणाली, "किती बरं वाटतंय नाही?"

मला बरं वाटत नव्हतं, पण ते काही पुरावा म्हणून धरता येत नाही. मला कुठेच बरं वाटत नाही.

खोली दुसऱ्या मजल्यावर. दोन पलंग, दोन खुर्च्या, एक आरसा, भिंतीत तीन खुंट्या. पडदे पिवळट, त्यातून येणारा उजेड साईसारखा दाट आणि हळू. एका खुर्चीची गादी बसलेली होती, माझ्याच बसण्याच्या मापाने. मी टेकलो आणि पाठ जिथे टेकायची तिथे बरोबर टेकली. घरच्या खुर्चीला असं वळण पडायला अकरा वर्षं लागली होती.

"पडदे बदलून मागायचे का?" मी विचारणार होतो. त्याआधी घसा साफ करायला तोंड मिटलं, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी घसा साफ केला. तीनदा.

मी विचारलंच नाही.

खाली उतरल्यावर मॅनेजरला सहज म्हटलं, "शेजारच्या खोलीत कोण आहे?"

"शेजारी? तिथे चादरी-उशा असतात, काका." तो बटणाएवढ्या डोळ्यांनी हसला. "उशा घोरत असतील तर सांगा."

४

आमची फेरी सांगायची राहिली.

लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा वस्ती मी निवडली होती, तक्त्याशिवाय, नुसत्या उत्साहात. हॉटेलसमोर कातडी कमावायचा कारखाना निघाला. दारातच आमचं भांडण जुंपलं. मी रागाने डावीकडे चालायला लागलो, ती उजवीकडे. दोघांनी इमारतीला वळसा घातला आणि मागच्या गल्लीत समोरासमोर आदळलो. आधी ती हसली. मग तिथेच एका टपरीवर चहा प्यायलो.

तेव्हापासून प्रत्येक सहलीत, रोज दुपारी, फेरी. मी डावीकडून, ती उजवीकडून. भेटायचं मागे. आपापल्या बाजूला पाहिलेली एक गोष्ट सांगायची. ज्याची गोष्ट फिकी, त्याने चहा पाजायचा. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती दर वेळी म्हणते, आणि दर वेळी निघते. चव्वेचाळीस वर्षांत आमची एकही फेरी चुकलेली नाही.

पहिल्या दिवशी सामान ठेवून निघालो. माझ्या बाजूला एक घड्याळजी, एक बंद शाळा, मग एक न्हावी. न्हावी स्वतःच्याच खुर्चीत झोपला होता, आणि त्याच्या स्वतःच्या गालांना साबणाचा फेस होता. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून गडी स्वतःचंच गिऱ्हाईक झाला, असं काहीतरी मनात आलं. पण हे सांगून ती हसेल का? नसेल हसत. मी ते सोडून दिलं आणि घड्याळजीच्या दुकानातली किती घड्याळं एकच वेळ दाखवत होती ते सांगायचं ठरवलं. एकतीसपैकी चार.

मागच्या गल्लीत एक लिंबोणीचं झाड, खाली बाक, शेजारी चहाची टपरी. टपरीवर एक जाडजूड बाई पातेलं घासत होती. बायको आली नव्हती. मी दहा मिनिटं थांबलो. मग तिच्या बाजूने उलटा निघालो, म्हणजे वाटेत ती भेटलीच पाहिजे. मधे गल्ली नाही, दार नाही, नुसती एक लांब भिंत. ती भेटली नाही. तसाच हॉटेलच्या दाराशी आलो आणि जिना चढलो.

ती खोलीत होती. चपला काढत होती, आणि हसत होती. एकटी.

"एवढा वेळ? पेपर घ्यायला थांबतो म्हणालात आणि रिकाम्या हाताने आलात?"

"तू... कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? तुमच्याबरोबर चहा प्यायले, तुमच्याबरोबर परत आले." तिने डोळे पुसले. "तो न्हावी! स्वतःचंच गिऱ्हाईक! अहो, इतक्या वर्षांत तुम्ही असं काही सांगितलं नाहीत. चहा माझ्या नाकात गेला."

मी पलंगावर बसलो. ती त्या बाजूला गेलीच नव्हती. ती गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 'मी नव्हतो' एवढे दोनच शब्द. पण ती हसत होती. ती शेवटची कधी हसली होती ते आठवायला लागलो आणि आठवलं नाही. मग मी म्हणालो, "आवडलं ना?"

आणि श्रेय घेतलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय पाहिलं, जुना पूल पाहिला. मी मात्र डोक्यात रकाने पाडत होतो. एक : तिला विस्मरण होतंय. दोन : मला होतंय; चहा मीच प्यायलो आणि विसरलो. तीन : ती माझी गंमत करते आहे. चार : कुणी माझ्यासारखा दिसणारा. चौथ्याला शून्य द्यावं, तर न्हावी आडवा येत होता. दुसऱ्याला मी सात दिले. पण मग माझ्या तोंडाला चहाची चव का नव्हती?

"पुन्हा गप्प झालात," बायको पुलावर म्हणाली. "काल दुपारी कसे मजेत होतात. तो माणूस कुठे ठेवलात?"

मी एक विनोद करून पाहिला. नदीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालो. तिने दयेने मान हलवली.

फेरीच्या वेळी मी अक्षरशः धावलो. घड्याळजी, शाळा, न्हावी. न्हावी आजही झोपलेला, फेस ओला. कोपऱ्यावर वळलो तेव्हा छाती भरून आली होती. बाक रिकामा होता. पण टपरीच्या फळीवर दोन कप होते, तळाशी वाफ असलेले. एका कपाखाली बसच्या तिकिटाची सुरळी. बसमधून उतरल्यावर मी तिकिटाच्या चार घड्या घालतो आणि मग ती काडीसारखी वळतो. माझ्या सगळ्या कोटांचे खिसे अशा सुरळ्यांनी भरलेले असतात. खिशात हात घातला. सकाळचं तिकीट नव्हतं.

"इथे कोण बसलं होतं?" मी चहावालीला विचारलं.

ती पातेल्यातून मान वर न करता म्हणाली, "आत्ताच तर गेलात."

"कोण गेलं?"

"तुम्ही दोघं." मग तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, खालपासून वरपर्यंत. तिचा घासणारा हात थांबला. "बरं आहे ना, बाबा? बसा जरा."

मी बसलो. बाकाची फळी कोमट होती. लिंबोणीच्या पानांतून उजेड पाण्यासारखा हलत होता, आणि त्या लांब भिंतीच्या पलीकडून, जिथे जायला वाटच नाही तिथून, माझी बायको हसल्याचा आवाज आला. तो दूर जात गेला. तिच्या हसण्याच्या मधे मधे एक पुरुषी आवाज होता. शब्द कळले नाहीत. लय कळली. कुठे थांबतो, कुठे शब्द गिळतो, सगळं ओळखीचं. फक्त तो बोलण्याआधी घसा साफ करत नव्हता.

६

खोलीत आलो तेव्हा ती बहिणीशी फोनवर बोलत होती. पाठमोरी. मी दारातच थांबलो.

"नाही गं धाकटे, नाही येत. अगं, हे बदललेत. खरंच सांगते. आज माझी माफी मागितली, पोहण्याच्या वर्गाबद्दल. हो, तीस वर्षांनी! वरातीमागून घोडं, पण आलं तरी."

मी जिन्यात जाऊन बसलो.

पोहण्याचा वर्ग. ती विद्यापीठाकडून पोहलेली मुलगी. चाळिशीला आली तेव्हा शहराच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवायचं म्हणत होती. तलाववाले तयार होते. मी तक्ता केला. अपघात, जबाबदारी, सर्दी, लोक काय म्हणतील. बेरीज 'नको'कडे गेली, आणि तिने त्यावर मुकाट्याने खूण केली. बेरजेत चूक नव्हती, हे मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. त्या विषयावर मी कधी शब्द काढला नव्हता. माफी तर दूरच.

फोन ठेवल्याचा आवाज आल्यावर आत गेलो. पिवळ्या उजेडात ती केस विंचरत होती.

तीनदा घसा साफ केला. "मी... काय म्हणालो गं मघाशी? नक्की शब्द काय होते?"

"आता शब्दही मोजायचेत?" पण ती चिडली नाही. "म्हणालात, 'तक्ता खोटा होता. मला भीती वाटत होती. तू पाण्यात असलीस की तुला माझी गरज नसायची, त्याची.'"

ते खरं होतं. आजवर मी स्वतःलाही ते सांगितलं नव्हतं.

"ऐक," मी म्हणालो. "काल आणि आज मागे बाकावर मी नव्हतो."

तिचा कंगवा थांबला. आरशातून ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता घाबरेल. डॉक्टर म्हणेल, आपल्या मुलीला फोन करू म्हणेल.

"मग कोण होतं?"

"मीच. पण..."

"हे बघा," ती अगदी शांतपणे म्हणाली, "जो कोणी होता, त्याला घरी घेऊन चला. दुसऱ्याला राहू द्या इथेच."

आणि परत विंचरायला लागली. चेष्टा केली की काय ते आजही मला ठरवता आलेलं नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी कूस बदलली.

७

तिसऱ्या दिवशी गाडी तीनची होती. सामान खाली ठेवलं. फेरी थोडी लवकर घ्यायची ठरली.

"चला, तुम्ही डावीकडून," ती म्हणाली आणि निघाली.

मी डावीकडे दहा पावलं टाकली. घड्याळजीच्या काचेत मला माझा तपकिरी स्वेटर दिसला. कोपराला विरलेला, तपकिरी लोकर मिळाली नाही म्हणून तिने तिथे निळ्या लोकरीने रफू केलेला. मी थांबलो. ही वाट मागच्या बाकाकडे जाते आणि बाकावर कुणी नसतं, हे दोनदा सिद्ध झालं होतं. तिसऱ्यांदा काय निघणार, ते काढायला संख्याशास्त्र लागत नाही.

मी वळलो आणि तिच्या मागे धावलो.

लांब भिंतीच्या कडेने ती चालली होती, एकटी, पिशवी हलवत. टाकीची सावली तिच्या पायांशी होती. मी लगेच हाक मारली नाही. थोडं अंतर तिच्या मागून चाललो. तिची चाल अजून पोहणाऱ्या बाईची आहे. खांदे आधी जातात, बाकीचं अंग नंतर. मग कोपऱ्याच्या अलीकडे तिचा हात धरला.

ती दचकली. "अहो! आणि डाव्या बाजूची गोष्ट कोण सांगणार?"

"डावीकडे काय असतं ते मला माहीत आहे."

"नियम मोडलात."

"मोडला."

बाकावर बसलो. चहावालीने न विचारता दोन कप ठेवले. बायको म्हणाली, "सांगा मग. काय पाहिलंत?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. घसा साफ करायचं राहून गेलं. शब्द आधीच बाहेर आले. "तुला चालताना पाहिलं. मागून. पाच मिनिटं. तुला त्या तलावावर कधी पाहायलाच आलो नाही मी, असं वाटलं."

तिने कप फळीवर ठेवला. मग म्हणाली, "हरले. आजचा चहा माझ्याकडून." आणि हसली, नाक पदराला लावून. मीही हसलो. कप हातात गरम होता, आणि चहा खरोखरच चांगला होता.

तेव्हा डावीकडच्या कोपऱ्यावरून पावलं ऐकू आली. घाईची, मधेच अडखळणारी. मग घसा साफ केला कुणीतरी. एकदा. दोनदा. तीनदा.

तिची पाठ त्या बाजूला होती. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

कोपऱ्यावर एक म्हातारा उभा होता. तपकिरी स्वेटर, कोपराला निळी लोकर. भांग उलट्या बाजूचा. आरशात माझा असतो तसा नाही, फोटोत असतो तसा. तो धापा टाकत होता. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग बाकाकडे पाहिलं, आमच्याकडे, आणि त्याच्या डोळ्यांत काहीही उमटलं नाही. रिकामा बाक पाहावा तसं त्याने पाहिलं. ओठ हलत होते. तो काहीतरी मोजत होता.

चहावालीने त्याच्याकडे मान वळवली आणि काहीतरी म्हणाली. शब्द मला ऐकू आले नाहीत, ऐकायची गरजही नव्हती. त्याने माफी मागितल्यासारखी मान हलवली.

"काय बघताय?" बायकोने विचारलं आणि मागे वळायला लागली.

मी हाक मारू शकलो असतो. उठून त्याच्या हातात कप देऊ शकलो असतो. त्याला तेवढंच हवं होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी तिच्या गालाला हात लावला, आणि तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. भर गल्लीत, असं मी कधी केलं नव्हतं. ती लाजली.

"काही नाही," मी म्हणालो. "चल, गाडी चुकेल."

आम्ही उजव्या बाजूने परत निघालो. मागे बाकाची फळी करकरली, कुणीतरी बसल्यासारखी. हॉटेलातून निघताना मी पलंगाखाली वाकून पाहिलं नाही, तिकीट-पाकीट चाचपलं नाही, काही राहिलं का म्हणून परत वर गेलो नाही. मॅनेजर दारापर्यंत आला.

"काही राहिलं नाही ना, काका?"

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज स्वच्छ आला.

८

याला पाच महिने झाले. बायको आठवड्यातून तीनदा तलावावर जाते. सात बायका आहेत तिच्याकडे, त्यांतल्या दोघी माझ्याहून मोठ्या. मी कठड्याशी बसून पाहतो. धाकटी येऊन राहून गेली, जाताना मला म्हणाली, "भावोजी, तुम्हाला कुठल्या दुकानातून बदलून आणलं?" सगळे हसले.

मला नीट झोप लागते, भूक लागते. इतकं की त्याचीच काळजी वाटावी, आणि ती वाटत नाही.

गेल्या आठवड्यात टेबलाचा खण आवरताना तो तक्ता सापडला. फाडून टाकावा म्हणून काढला. चौथी ओळ तशीच होती, माझ्या अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात मात्र 'ती इथे खूश असते'च्या खाली, जागा पुरेना म्हणून बारीक करून, आणखी एक ओळ होती. आठ नव्हता त्यात, पण अक्षराबद्दल शंका नव्हती. फक्त हात थरथरलेला.

'अजून आली नाही. थांबलो आहे.'

मी कागद परत खणात ठेवला. फाडला नाही. कुणाचं तरी एवढंच उरलेलं.

आता आम्ही घरीसुद्धा फेरी घालतो, आमच्याच इमारतीला. कल्पना तिची. मी दर वेळी तिच्याबरोबर उजवीकडूनच जातो. शेजारी चिडवतात, नवीन लग्न झालंय का म्हणून. चिडवू देत. तिला एकटीला मी एकदाही जाऊ दिलेलं नाही.

आज माझा गुडघा सुजला आहे. "तुम्ही पडून राहा," ती म्हणाली, "मी पाच मिनिटांत वळसा घालून येते." मी हात धरला. ती म्हणाली, "अहो, मागच्या दारी जातेय, परदेशी नाही," आणि गेली.

त्याला वीस मिनिटं झाली. मी खुर्चीत बसून हे लिहितो आहे. दुपारचं ऊन पडद्यातून आत आलं आहे, दाट आणि हळू. खिडकी मागच्या बाजूला आहे, खुर्चीपासून चार पावलांवर. मी उठलेलो नाही.

आत्ताच खालून ती हसल्याचा आवाज आला. त्याच्या आधी कुणीतरी घसा साफ केला होता. तीनदा.

थोड्या वेळाने ती वर येईल असं मी धरून चालतो. येईल, चपला काढेल आणि मी काय म्हणालो ते मला सांगेल. काही चांगलं म्हणालो असेन, एवढीच आशा आहे.